डीआरओवर ८०.०००, तपासणीत ८०.०४ : दोष स्केलचा की मशीनचा?

टर्नरचा मुलगा, भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरीच्या एमआयडीसीत आमचे जॉबवर्कचे छोटे शेड आहे. वडिलांच्या काळातील दोन लेथ, एक शेपर आणि दीड वर्षापूर्वी कुदळवाडीतील एका व्यापाऱ्याकडून घेतलेले टरेट मिलिंग मशीन, एवढाच आमचा पसारा. मिलिंग मशीन ब्रिजपोर्ट धर्तीचे असून परदेशातून जुने म्हणून आलेले आणि पूर्णपणे इंची आहे. हँडलच्या एका फेऱ्यात टेबल ०.२०० इंच सरकते आणि डायलवर दोनशे भाग आहेत, म्हणजे एक भाग एक थाऊचा (इंचाचा हजारावा भाग). ड्रॉइंगवर ८० मिमी लिहिलेले असेल तर आधी त्याचे ३.१४९६ इंच करायचे, मग पंधरा पूर्ण फेरे आणि वर १४९.६ भाग मोजायचे. मध्येच चहावाल्याने हाक मारली की फेरे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागत.

ह्या जाचाला कंटाळून चार महिन्यांपूर्वी मी एक्स आणि वाय अक्षांना काचेची स्केल असलेला, ५ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) डीआरओ, म्हणजे टेबल किती सरकले ते आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले, बसवला. एक्सची स्केल टेबलाच्या मागच्या बाजूस आहे. काम फार सोपे झाले ह्यात शंका नाही.

आता अडचण सांगतो. चाकणच्या एका ग्राहकासाठी फिक्श्चरच्या दोन सारख्या प्लेट केल्या. माइल्ड स्टील, ८ एच-७ ची (८ मिमी व्यासाची, बारीक टॉलरन्सची) दोन डॉवेल होल, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनांची होल, मध्यांतर ८० मिमी, अधिक-उणे ०.०२. दोन्ही वेळा डिस्प्लेवर ८०.००० दिसल्यावरच सेंटर ड्रिल, ७.८ चे ड्रिल आणि रीमर (होल नेमक्या मापाचे करणारे हत्यार) मारला. ग्राहकाच्या तपासणीत पहिली प्लेट ८०.०४ आणि दुसरी ७९.९९ भरली. पहिली अर्थातच परत आली. विक्रेता म्हणतो की १ मायक्रॉनची स्केल घ्या, शेजारचे शेडवाले म्हणतात की काच काढून चुंबकीय स्केल बसवा. खर्च करण्यापूर्वी आपणा जाणत्यांचे मत हवे आहे.

व्हीएमसीवाला, चाकण

असली कामे व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) पाठवावीत आणि मॅन्युअल मशीनवर कीवे, फेसिंग, स्लॉट एवढेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चार तास डोके लावण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

टर्नरचा मुलगा, भोसरी

दादा, दोन प्लेटसाठी व्हीएमसीवाले सेटिंगचे पैसे वेगळे लावतात आणि नंबर आठ दिवसांनी येतो. ग्राहकाला प्लेट उद्या हवी असते, म्हणून तर तो आमच्याकडे येतो.

निवृत्त टूलमेकर, चिंचवड

तुमच्या दोन आकड्यांतच अर्धे उत्तर आहे, परंतु ते कुणी वाचलेले दिसत नाही. स्केल खोटी असती तर ती दोन्ही वेळा सारखेच खोटे बोलली असती. काचेवर आखलेल्या रेघा काही सोमवारी जवळ आणि मंगळवारी लांब होत नाहीत. एकदा चाळीस मायक्रॉन जास्त आणि एकदा दहा कमी येते, तेव्हा काहीतरी हलते आहे, सैल आहे किंवा भटकते आहे असे समजावे. १ मायक्रॉनची स्केल घेतलीत तर हाच घोळ तुम्हाला आणखी एका आकड्यासकट दिसेल, इतकेच.

माझा संशय दोन ठिकाणी आहे. पहिला संशय ड्रिलवर. सेंटर ड्रिलने पाडलेल्या खुणेत ७.८ चे ड्रिल शिरताना त्याच्या दोन धारा सारख्या नसतील तर ते बाजूला सरकते, आणि रीमर हा गरीब प्राणी असतो. तो आधीच्या होलाच्या मागेमागे जातो, होल जागेवर आणत नाही. मध्यांतर महत्त्वाचे असेल तर ड्रिलनंतर बोअरिंग हेडने (होल स्पिंडलच्या मध्यावरच मोठे करणाऱ्या हत्याराने) एक हलका कट घ्यावा आणि मगच रीमर मारावा.

दुसरा संशय टेबलाच्या जिबवर, म्हणजे टेबल आणि त्याचे मार्ग यांतला सैलपणा घेणाऱ्या पट्टीवर, आहे. ह्या दोहोंत फरक करण्याची साधी रीत अशी. ग्राहकाकडून परत आलेली प्लेट पुन्हा वाइसमध्ये बांधा, स्पिंडलमध्ये पुपीटास (बारीक टोकाचा डायल इंडिकेटर) लावा, पहिल्या होलाच्या आतून फिरवून मध्य काढा आणि डिस्प्ले शून्य करा. मग दुसऱ्या होलाचा मध्य तसाच काढा. डिस्प्लेवर ८०.०४ च्या आसपास आकडा आला, तर डीआरओ खरे बोलतो आहे आणि ड्रिल भटकले होते. ८०.००० आला, तर होल डिस्प्लेने सांगितले तिथेच पडले आहे, फक्त डिस्प्लेचे सांगणे चुकते आहे. आणि दोनदा काढल्यावर दोन वेगळे आकडे आले, तर पुन्हा इथे लिहा.

स्लिपगेज, तळवडे

मी मापन विभागात काम करते, त्यामुळे तापमानाचा मुद्दा आधीच निकालात काढते, कारण कुणीतरी तो काढणारच. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि एप्रिलमध्ये भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सहज ३५ असते. पोलाद एका मीटरला एका अंशामागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते आणि स्केलची काच सुमारे ८. म्हणजे ८० मिमीवर, १५ अंशांच्या फरकाने, दोघांच्या वाढीतील तफावत जेमतेम ४ मायक्रॉन होते. तुमच्या ४० मायक्रॉनचे ते कारण नव्हे.

मात्र अॅल्युमिनियमची प्लेट असेल तर सावध राहावे. ते सुमारे २३ मायक्रॉनच्या दराने वाढते. ३०० मिमीच्या मध्यांतरावर त्याच शेडमध्ये अॅल्युमिनियम सुमारे १०४ मायक्रॉन वाढेल, काच ३६ वाढेल, आणि तुम्ही डिस्प्लेवर ३००.००० पाहून पाडलेली होल ग्राहकाच्या वातानुकूलित खोलीत ६८ मायक्रॉन कमी भरतील. त्या वेळी डीआरओला दोष देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

स्केल तिरपी बसल्यामुळे माप चुकले असेल अशीही शंका नेहमी येते. ५०० मिमी लांबीत स्केल १ मिमीने तिरपी असली तरी त्यामुळे येणारी चूक १ मायक्रॉनचीच असते. तिरपेपणाचा खरा धोका वेगळा आहे. रीडिंग हेड ओढले जाते, त्याचे ब्रॅकेट वाकते आणि शेवटी हेड काचेला घासते. म्हणून स्केलच्या अॅल्युमिनियमच्या अंगावर डायल फिरवून ती दोन्ही दिशांना ०.१ मिमीच्या आत आणावी. रंग दिलेल्या ओतीव पृष्ठभागावर स्केल थेट आवळू नये, मागे ग्रब स्क्रूंचा आधार देऊन सरळ करावी.

५ मायक्रॉन हा आकडा कुठून येतो हेही सांगते. काचेवर सहसा दर २० मायक्रॉनला एक रेघ असते. हेड एकमेकांपासून पाव टप्प्याने सरकलेले दोन संकेत वाचते आणि त्यांच्या चढ-उतारांतून प्रत्येक टप्प्याचे चार भाग पाडते. डिस्प्लेचा शेवटचा आकडा शून्य आणि पाच यांच्यात उड्या मारतो तो ह्यामुळेच. तुमच्या अधिक-उणे ०.०२ साठी हे पुरेसे आहे.

सहा सूत, हडपसर

पट्टीवरच्या सुतांपासून सुरुवात केलेला माणूस आहे, म्हणून हे नाव घेतले आहे. मला ताईंइतके गणित येत नाही, पण एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. डीआरओ आल्यावर आमच्या पोरांनी एक चांगली सवय सोडली. पूर्वी डायलवर काम करताना टेबल नेहमी एकाच बाजूने मापावर आणायचे, पुढे गेले तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा त्याच बाजूने यायचे, हे हाताला इतके शिकवले होते की झोपेतही चुकले नसते. कारण उघड होते, स्क्रू आणि नट यांच्यातला बॅकलॅश, म्हणजे मोकळा प्ले. डीआरओ स्क्रूकडे पाहतच नाही, तो टेबलाकडे पाहतो, म्हणून बॅकलॅशचा प्रश्न मिटला आणि पोरे कुठूनही यायला लागली. डावीकडून या, उजवीकडून या, आकडा आला की झाले. परंतु त्या सवयीने बॅकलॅशबरोबर जिबचा सैलपणाही एका बाजूला दाबून धरला जात होता, हे कुणाच्या ध्यानात आले नाही, माझ्याही उशिरा आले.

बॅकलॅशही फक्त मापापुरताच मिटतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एका मुलाने डीआरओ आहे म्हणून निर्धास्तपणे क्लायंब मिलिंगमध्ये (टेबल सरकते त्याच दिशेने कटरचे दात फिरतात त्या पद्धतीत) जाड कट लावला. कटरने टेबल स्वतःकडे ओढले, नटातला सगळा प्ले एका झटक्यात संपला आणि १२ चा एंडमिल तुटून वाइसच्या जबड्यात रुतला. टेबल किती मिलिमीटर ओढले गेले हे डिस्प्लेने अगदी बिनचूक दाखवले. त्याने टेबल धरून ठेवायला हवे होते असे मुलाचे म्हणणे होते! क्लायंब करायचेच असेल तर फिनिशिंगचा हलका हात ठेवावा आणि टेबलाचे लॉक किंचित आवळून टेबल जड करावे.

टर्नरचा मुलगा, भोसरी

काकांच्या सांगण्याप्रमाणे काल गुरुवारी प्रयोग केला. आमच्याकडे गुरुवारी सुटी असते आणि सकाळभर वीजही नव्हती, त्यामुळे दुपारी चारनंतर निवांत वेळ मिळाला. पहिल्या होलाचा मध्य डावीकडून येऊन काढला आणि डिस्प्ले शून्य केला. मग दुसऱ्या होलाचा मध्य डावीकडून येऊन काढला, तर ८०.०३५ आले. टेबल दहा मिमी पुढे नेऊन उजवीकडून परत आलो आणि त्याच होलाचा मध्य पुन्हा काढला, तर ८०.००५. पाच वेळा केले आणि पाचही वेळा तीस मायक्रॉनच्या आसपास फरक येतो आहे. होल तेच, प्लेट तीच, पुपीटासही तोच. आता काय समजावे?

निवृत्त टूलमेकर, चिंचवड

शाब्बास. असा आकडा हाती आला की अर्धे काम झाले. तुमचे टेबल सरकताना किंचित वळते आहे. जिब सैल असेल तर डावीकडून ढकलताना टेबलाची एक बाजू आधी पुढे जाते, उजवीकडून ढकलताना दुसरी. आपल्याला ते हाताला कळत नाही. स्केल टेबलाच्या मागच्या कडेला आहे आणि होल आहे तुमच्या बाजूला. टेबल वळले की मागच्या कडेचे सरकणे आणि पुढच्या होलाचे सरकणे सारखे राहत नाही. स्केल जिथे आहे तिथले ती खरे सांगते, आपले कटर मात्र दुसरीकडे असते.

एर्न्स्ट आबे ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये हेच तत्त्व मांडले होते की मापपट्टी ही मोजायच्या लांबीच्या रेषेतच हवी. व्हर्नियरपेक्षा मायक्रोमीटरवर आपण जास्त विश्वास ठेवतो त्याचे एक कारण हेच आहे. मिलिंग मशीनवर स्केल कटरच्या रेषेत बसवणे शक्य नसते, म्हणून मधल्या अंतराचे व्याज भरावे लागते.

हे खरे की खोटे ते प्लेटशिवाय तपासता येते. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग घ्या आणि टेबलाच्या अगदी पुढच्या टी-स्लॉटवर क्लॅम्प करा. तिचा मध्य डावीकडून आणि उजवीकडून येऊन काढा आणि फरक लिहा. मग तीच रिंग सर्वांत मागच्या टी-स्लॉटवर, म्हणजे स्केलच्या जवळ, बांधून पुन्हा तसेच करा. माझे म्हणणे बरोबर असेल तर मागे फरक कमी यायला हवा. दोन्हीकडे सारखाच आला तर रीडिंग हेडचे ब्रॅकेट ढिले आहे. पत्र्याचे ब्रॅकेट वापरले असेल तर ते आधी फेकून द्या आणि जाड पट्टीचे करा.

हौशी कारागीर, सिंहगड रस्ता

मध्येच विचारतो, क्षमस्व. घरच्या गॅरेजमध्ये छोटे मिलिंग मशीन आहे. काचेची स्केल घ्यावी की चुंबकीय?

सहा सूत, हडपसर

जागा कमी असेल आणि कुलंट पुष्कळ उडत असेल तर चुंबकीय बरी, कारण तेल-पाण्याने तिचे फारसे बिघडत नाही. परंतु डायल स्टँडचा मॅग्नेटिक बेस तिच्या पट्टीवर चुकूनही ठेवू नये, पट्टीवरचे चुंबकन कायमचे बिघडू शकते. आपल्याकडे मॅग्नेटिक बेस दिसेल तिथे चिकटवण्याची खोड असते म्हणून हे आधी सांगितले. लोखंडाची बारीक बुरही तिला चिकटते. काचेची घेतली तर तिच्या रबरी ओठांचे तोंड खाली राहील अशी बसवावी, वर पत्र्याचे आच्छादन द्यावे आणि एअर गन स्केलच्या दिशेने कधीही मारू नये, कारण हवेबरोबर कुलंट ओठांतून आत जाते आणि पावसाळ्यात काच आतून धुरकटते. मग आकडे मध्येच थांबतात किंवा उड्या मारतात. आणि स्केलची लांबी टेबलाच्या पूर्ण प्रवासापेक्षा थोडी जास्तच घ्यावी, नाहीतर एके दिवशी टेबल टोकाला नेताना हेड तुटेल.

हौशी कारागीर, सिंहगड रस्ता

आभारी आहे. तिसरा अक्ष नीवर (टेबल वर-खाली नेणाऱ्या भागावर) घ्यावा की क्विलवर (स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या नळीवर)?

निवृत्त टूलमेकर, चिंचवड

नीचे वजनच तिचा प्ले खाली दाबून ठेवते, म्हणून शेवटची हालचाल वर नेण्याची ठेवली तर तिथला डायल बराच विश्वासू असतो. पैसे मर्यादित असतील तर एक्स आणि वायवर चांगली स्केल घ्या आणि क्विलला स्वतंत्र छोटी डिजिटल पट्टी लावा. नीवर स्केल लावून क्विलने खोली घेणारे लोक मी पाहिले आहेत. क्विल खाली जाते आणि डिस्प्ले ढिम्म राहतो, मग ते डिस्प्लेला शिव्या घालतात.

स्लिपगेज, तळवडे

मूळ प्रश्नकर्त्यासाठी एक पुरवणी. वीज जाते त्या दिवशी विशेष लक्ष ठेवा. ह्या स्केल फक्त सरकलेले अंतर मोजतात, स्वतःची जागा त्यांना ठाऊक नसते. डिस्प्ले शेवटचा आकडा लक्षात ठेवतो, पण वीज नसताना कुणी हँडल फिरवले असेल तर तो आकडा खोटा असतो आणि तसा अजिबात दिसत नाही. त्यासाठी स्केलवर संदर्भखुणा असतात, पुष्कळ स्केलवर दर ५० मिमीला. जॉब बांधल्यावर एक ठरावीक खूण गाठून तिच्यापासून जॉबचे शून्य किती अंतरावर आहे हे वहीत लिहून ठेवा, म्हणजे वीज आल्यावर पुन्हा एज फाइंडर (जॉबची कड शोधायचे साधन) लावावा लागत नाही.

एज फाइंडरचेही एक सांगते. जॉबचा मध्य काढताना डाव्या कडेला शून्य करून उजव्या कडेला जावे आणि अर्धे करण्याचे बटण दाबावे. एज फाइंडरची त्रिज्या दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे आपोआप वजा होते. एकाच कडेपासून माप घेताना मात्र १० मिमीच्या एज फाइंडरचे ५ मिमी मिळवायला विसरलेले जॉब प्रत्येक शेडच्या कोपऱ्यात सापडतात.

टर्नरचा मुलगा, भोसरी

विलंबाबद्दल क्षमस्व. रिंगची चाचणी केली. पुढच्या टी-स्लॉटवर, स्केलपासून सुमारे १८० मिमीवर, फरक ०.०३० आला. मागच्या टी-स्लॉटवर, सुमारे ६० मिमीवर, ०.०१०. काका, आपण शेड न पाहता मशीनचा आजार सांगितला.

एक चाचणी मी माझ्या मनाने जोडली. टेबल थांबवून, पुपीटासचे टोक रिंगला टेकवून, टेबलाचे उजवे टोक तळहाताने मागे-पुढे दाबले. पुपीटासचा काटा हलत होता आणि डिस्प्लेवरचा आकडा जागचा हलत नव्हता. ते पाहताना अंगावर काटा आला, कारण चार महिने मी त्या हिरव्या आकड्यांकडे पाहून रीमर मारत होतो.

स्लिपगेज, तळवडे

तीस मायक्रॉन भागिले १८० मिमी, म्हणजे सुमारे ३४ सेकंदांचा कोन. दहा मायक्रॉन भागिले ६० मिमी केले तरी तोच येतो. आकडे एकमेकांशी इतके जुळलेले क्वचित पाहायला मिळतात.

निवृत्त टूलमेकर, चिंचवड

आता जिब. तुमच्या मशीनची जिब निमुळती असेल आणि तिला दोन्ही टोकांना स्क्रू असतील. आधी मागचा स्क्रू ढिला करा, मग पुढचा पाव-पाव फेरा आवळत जा आणि प्रत्येक वेळी टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. जुन्या मशीनचे मार्ग मध्यावर झिजलेले असतात, कारण सगळे आयुष्य तिथेच जाते. त्यामुळे मध्यभागी बरोबर बसेल तेव्हा टोकाला हँडल जड लागेल. टोकाला अडकणार नाही इतकेच आवळा. पूर्ण इलाज निळा रंग लावून स्क्रेपिंग (उंचवटे हाताने खरवडणे) करण्याचाच आहे, पण ते करणारे हात आता पुण्यात मोजकेच उरले आहेत आणि ते घाईचे काम नव्हे.

तोवर तीन गोष्टी पाळा. मापावर नेहमी एकाच बाजूने या. आल्यावर टेबल लॉक करा, आणि लॉक आवळताना डिस्प्लेकडे पाहा, कारण लॉकही टेबलाला ढकलते. वायचा आकडाही पाहा. आणि बारीक मापाची होल स्केलच्या जवळ येतील असा वाइस टेबलावर मागे घ्या.

पीसीडीची (एका वर्तुळावर समान अंतराने होल पाडण्याची) कामे येत असतील तर डीआरओचे ते बटण जरूर वापरा, पण आकड्यांची पडताळणी ठेवा. ९० च्या पीसीडीवर सहा होल असतील तर दुसरे होल मध्यापासून २२.५ आणि ३८.९७१ वर येते, आणि शेजारच्या कोणत्याही दोन होलांचे मध्यांतर बरोबर त्रिज्येएवढे, म्हणजे ४५, असते. दोन डॉवेल पिना घालून मायक्रोमीटरने बाहेरून मोजा. सहापैकी एखादीच जोडी चुकली तर तिथे तुम्ही उलट्या बाजूने आला होता.

टर्नरचा मुलगा, भोसरी

जिब दोन वेळा मिळून पाऊण फेरा आवळली. पुढच्या टी-स्लॉटवरचा फरक आता ०.०१० आहे. टेबलाच्या डाव्या टोकाला शेवटच्या शंभरेक मिलिमीटरमध्ये हँडल जड लागते, ते चालवून घेतो आहे. वाइस एक टी-स्लॉट मागे घेतला आणि परत आलेल्या प्लेटऐवजी नवी प्लेट घेऊन बोअरिंग हेड वापरून होल केली. पिना घालून आमच्याकडे ८०.००५ भरली, आणि आज दुपारी ग्राहकाकडून ८०.००८ असा निरोप आला.

वडील शेडच्या दारात खुर्ची टाकून हे सगळे पाहत होते. संध्याकाळी त्यांनी खडू घेतला आणि एक्सच्या हँडलवर, मापावर यायच्या बाजूचा बाण काढून ठेवला.

सहा सूत, हडपसर

खडू कुलंटने पुसला जातो. पंच मारून घ्या.